रिकाम्या खोलीत वाजलेली तबकडी

सोमवार, ४ डिसेंबर २०२३. वडसा

पोचलो एकदाचा! गोंदियाहून निघालेली पॅसेंजर वाटेतल्या प्रत्येक झाडाची चौकशी करत आली, पण आज मला कशाचाच राग येत नाहीये. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि नाटक कंपन्यांच्या ऑफिसांची रांगच लागली. प्रत्येक दारावर रंगीत फलक, फलकावर एक रडणारी बाई आणि एक पिस्तूलवाला. झाडीपट्टी नाटकांचा सीझन ऐन भरात आहे. गावोगावची माणसं आपल्या मंडईला, म्हणजे धान कापणीनंतरच्या जत्रेला, नाटक ठरवायला इथे येऊन बसलेली. याच गावात एक माणूस असा होऊन गेला की त्याची रेकॉर्ड कुणी फुकटही घेतली नाही. हे दुःख मला ओळखीचं आहे. पुण्यात माझ्या शेवटच्या कार्यक्रमाला अकरा श्रोते होते, त्यातला एक लाइटवाला.

त्या माणसाचं नाव गुणवंतराव. कंपनीत ऑर्गन वाजवायचे, पावसाळ्यात नाटकं बंद असली की रेडिओ दुरुस्त करायचे. उरल्यासुरल्या सुट्या भागांतून त्यांनी सूर काढणारी यंत्रं स्वतः जोडली आणि १९८२ साली त्यांवर एक तबकडी केली. नाव ‘वीजरान’. शंभर प्रती निघाल्या आणि दुकानांनी जवळजवळ सगळ्या परत पाठवल्या. मला नागपूरच्या भंगारात तिचं रिकामं कव्हर मिळालं होतं. दीड वर्ष माग काढल्यावर कळलं की एक प्रत अजून त्यांच्या घरात आहे. बर्लिनची एक छोटी कंपनी ती पुन्हा काढायला तयार आहे, मजकूर माझा, शोधही माझा.

घर गावाच्या टोकाला, धानाच्या बांध्यांना लागून. पुढे सिमेंटची खोली, मागे कवेलूच्या छपराचं स्वयंपाकघर आणि बाजूला पत्र्याखाली गुणवंतरावांची कामाची खोली. ती मला दिली आहे. फोनला रेंज फक्त याच खोलीच्या खिडकीत येते. घरात त्यांच्या पत्नी चंदाबाई एकट्या राहतात. त्या बोलत नाहीत. त्यांचा पुतण्या हेमराज, पन्नाशीचा, साउंड भाड्याने देतो, त्याने सांगितलं, काकू पहिले कंपनीत गात होती, अख्खी झाडी आयकाले येत होती, मंग रेकॉर्ड केली त्याच साली पावसाळ्यात आवाज गेला. नागपूरच्या डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही.

हेमराजने जाताना एक नियमही सांगितला. “काका म्हणत, रेकॉर्ड लावली का समोर बसाचं. दोन्ही बाजू होयेपर्यंत उठाचं नाई. खाली खोलीत, कोनी नसताना, वाजू द्याची नाई.” त्यांच्या कंपनीत म्हणे तालमीलासुद्धा मांडवात एक माणूस नुसता ऐकायला बसवतात, तो आल्याशिवाय ऑर्गनवर बोट पडत नाही. “आयकणारा नसला त सूर धुंडत फिरते.” छान वाक्य आहे. कव्हरच्या मजकुरात घेईन.

गोंदियाच्या आधी नागपूरला माझी गाडी वीस मिनिटं थांबली होती. माझ्या लेकीला, दिव्यानीला, भेटायचं मनात होतं, पण नऊ वर्षांच्या पोरीला वीस मिनिटांसाठी फलाटावर बोलावणं बरं दिसलं नसतं, आणि तिची आई स्वाती टोमणे मारायला मोकळी झाली असती. संध्याकाळी फोन केला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं गाणं आहे, पंधरा तारखेला. शब्द तिचे स्वतःचे, चालही. आईलाही अजून म्हणून दाखवलेलं नाही, आधी बाबाला. उद्या ऐकतो म्हटलं.

मंगळवार, ५ डिसेंबर

काय चीज आहे ही! सकाळी कानाला हेडफोन लावून पहिल्या बाजूचा तुकडा ऐकला. खालून एक जाड सूर चालत असतो, त्यावर काजव्यांसारखे बारीक ठिपके, मधेच ऑर्गनचा एक कोवळा फराटा, आणि मग सगळं एकदम जंगलासारखं बंद. परदेशात त्याच सुमारास ज्यांनी असलं काही केलं, त्यांच्यावर आज ग्रंथ निघतात. आमच्या माणसाला लोकांनी ऑर्गनवर लावणी वाजव म्हणून सांगितलं. मला मनापासून चीड आली. दहा मिनिटांनी बंद केलं, कारण काम पडलं होतं.

रेकॉर्ड लॅपटॉपमध्ये उतरवायची माझी पद्धत अशी. सुई फिरत असताना खोलीत कुणी असू नये. माणसाच्या पावलाचा, श्वासाचा, खुर्चीच्या कुरकुरीचा धक्का सुईला लागतो. लॅपटॉप लांब वायर टाकून पुढच्या खोलीत ठेवायचा, सुई टेकवायची, दार लावायचं आणि पडद्यावर मीटरचे हिरवे दिवे बघत चहा प्यायचा. मी चारशेहून जास्त रेकॉर्डी अशाच उतरवल्या आहेत. त्यातल्या ऐकल्या किती, हे मला कुणी विचारू नये.

चंदाबाईंनी मला दार लावताना बघितलं आणि पुढे होऊन ते उघडलं. मी हसून पुन्हा लावलं. त्या बराच वेळ दाराला हात लावून उभ्या राहिल्या.

दिव्यानीचा फोन येऊन गेला. खिडकीत वाजला असणार, मला ऐकू आला नाही.

बुधवार, ६ डिसेंबर

काल उतरवलेल्यात विजेची घरघर आली आहे. पुन्हा करावं लागेल.

कामाच्या खोलीत भिंतीवर चावीचं जुनं घड्याळ आहे. आज सकाळपासून ते टिकटिक करत नाही. बंद पडलं म्हणावं तर काटे बरोबर चाललेत. कान लावून पाहिलं, आत लंबक हलतो आणि आवाज मात्र काही नाही. बाईंनी तेलपाणी केलं असेल. जेवताना त्यांना खुणेने विचारलं, तर त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि उठून गेल्या. भात सुगंधी होता. चवीला वांग्याची भाजी अप्रतिम.

गुरुवार, ७ डिसेंबर

तबकडी धुतली, सुई बदलली, पुन्हा उतरवली. या वेळी सूर स्वच्छ.

दिव्यानीला म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, तू सोमवारीपण उद्या म्हणाला होतास. अगदी आईचा सूर लावला होता. पोरीला काय बोलायचं ते शिकवलं जातंय, हे मला कळतं.

शुक्रवार, ८ डिसेंबर

अंगणात हातपंप आहे. रोज पहाटे चंदाबाई पाणी भरतात तेव्हा त्याचं किंचाळणं ऐकून मी जागा व्हायचो. आज उशिरा जाग आली. बाहेर आलो तर त्या पंप मारत होत्या. दांडा वर, दांडा खाली, पाणी पडतंय. पाण्याचा आवाज येतो, दांड्याचा नाही. मी स्वतः मारून पाहिला. गंजलेलं लोखंड लोखंडावर घासताना हाताला कळत होतं आणि कानाला काहीच कळत नव्हतं.

दुपारी दोन्ही फाइली शेजारी लावल्या. दुसरी बाजू पहिल्या वेळी एकवीस मिनिटं सात सेकंद भरली होती. काल ती एकवीस मिनिटं एकोणीस सेकंद भरली. वेग तोच, यंत्र तेच. तबकडी काय भिजवलेल्या चण्यासारखी फुगते?

वाढीव बारा सेकंद शोधून काढले. त्यांत टिकटिक आहे, घड्याळाची.

शनिवार, ९ डिसेंबर

रात्री नीट झोप नाही. सकाळी हेमराजला सगळं सांगितलं. तो नाटकाचं सामान टेम्पोत चढवत होता, पोंभुर्ण्याकडे तीन-चार प्रयोग आहेत, पुढच्या आठवड्यात परतेल. हसेल वाटलं होतं, तर त्याने हातातली वायर खाली ठेवली. म्हणाला, “तुमी खाली खोलीत लावली काऊन? कोनी आयकलं नाई म्हून तेच आयकते आता. ज्याच्याकडं कोनाचं ध्यान नाई, थे घेऊन घेते. काकाले मालूम होतं.” मग म्हणाला, बंद करा, सायेब.

बंद करा म्हणे. इथे कुणाचं काय जातं? गुणवंतरावांचं नाव होईल तर माझ्यामुळे होईल. कव्हरचा मजकूर पूर्ण केला आहे. वाचताना लक्षात आलं, त्यात गुणवंतरावांचं नाव तीनदा येतं आणि माझं पाचदा. असू दे. मेलेल्या माणसाला त्याचं काय?

बर्लिनला कळवलं की तबकडीत लपवलेले आवाज आहेत, दर वेळी नवे सापडतात. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. फार खूश आहेत, आणखी एक प्रत हवी आहे. इतक्या वर्षांत मला कुणी तासाभरात उत्तर दिलेलं नाही.

दुपारी उतरवली. दार लावून.

रविवार, १० डिसेंबर

कुत्रं.

चंदाबाईंचं पांढरं कुत्रं काल संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलीवर भुंकत होतं आणि मी त्याला मनातून शिव्या देत होतो. आज ते फाटकाशी उभं आहे, तोंड उघडतंय, मान झटकतंय, पोट आत-बाहेर होतंय. आवाज नाही. मधेच थांबून ते स्वतःच इकडेतिकडे बघतं, आपला आवाज कुठे पडला म्हणून. चंदाबाई त्याच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

तिसरी फाइल उघडली नाही. उघडायची गरज नाही.

मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवतो. पण भुंकत नाही म्हणून एका कुत्र्यापायी आयुष्यातलं एकमेव काम सोडू? कालच्या उतरवणीत मधे वीज फडफडली, शेवट बिघडलाय. एकदाच. फक्त दुसरी बाजू. मग तबकडी कापडात गुंडाळून देईन बाईंना.

सोमवार, ११ डिसेंबर

झालं काम. शेवटपर्यंत स्वच्छ आलं.

मधेच दिव्यानीचा फोन आला. खिडकीत वाजायला लागला, सुई चालू होती, म्हणून धावत जाऊन उचलला, स्पीकरवर टाकला आणि तिथेच ठेवला. म्हटलं, म्हण गं गाणं, मी आहे. पुढच्या खोलीत मीटर लाल व्हायला लागलं होतं म्हणून दारात उभा राहून पडदा बघत होतो. ती गात होती. हं हं म्हणत होतो मी. गाणं झाल्यावर तिने विचारलं, बाबा, ऐकतोस ना? म्हटलं, हं. छान. मग फोन कट झाला, रेंज गेली असेल.

ऐकलं एकदाचं तिचं. मोकळं वाटतंय.

मंगळवार, १२ डिसेंबर

सकाळी स्वातीचा फोन आला. मला वाटलं भांडायला केलाय.

दिव्यानी कालपासून बोलत नाही. रुसलेली नाही. तोंड उघडते, ओठ हलतात, रडते तेव्हासुद्धा आवाज येत नाही. डॉक्टरकडे नेलं. घशात काही नाही. स्वाती म्हणाली, काल तू तिला काय बोललास, पवन? मी म्हटलं, काही नाही बोललो. ते खरंच होतं.

पंधरा तारखेचं गाणं काय होतं ते तरी सांग, म्हणून स्वातीने तिला वही दिली, शब्द लिहून दे, बाई शिकवतील दुसऱ्या कुणाला. तिने वहीत लिहिलं, बाबाला माहीत आहे, त्याने ऐकलंय.

मंगळवार, दुपार

चंदाबाईंच्या पाया पडलो. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान आणलं आणि मागच्या बाजूला लिहून दिलं. पान समोर आहे, जसंच्या तसं उतरवतो.

“मी त्याइले जेवाले बलावलं होतं. यंत्र चालू होतं. त्याइनं नुस्तं हं म्हटलं. तवापासून मी त्याच्यातच आहो. मंग ते मरेपर्यंत मले आयकाले बसले. पन त्याइले आपलीच धून आयकू येये. ध्यान देऊन आयकलं त बाकीचं सुटते. आधी घड्याळ आयकून पाय. मनात दुसरं काई आनू नोको.”

बुधवार, १३ डिसेंबर

सुटतं! खरंच सुटतं!

सकाळी दार उघडं टाकून तबकडीसमोर बसलो. दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे टिकटिक आली. डोळे मिटून फक्त तीच ऐकली. आपल्या आजीकडे असंच होतं, हेही मनात येऊ दिलं नाही. सहा वेळा सुई मागे घेतली. सहाव्या वेळी भिंतीवरचं घड्याळ बोलायला लागलं. मी ढसाढसा रडलो.

मग पंप. दुपारी अंगणात दांडा किंचाळला. चंदाबाई घागर टाकून उभ्या राहिल्या.

मग कुत्रं. अजून भुंकतंय, भुंकू दे बिचाऱ्याला.

टिकटिकीच्या बरंच आधी, जाड सुराच्या खाली, एक बाई कुणाला तरी जेवायला बोलावते. फार पुसट आहे. ते नंतर. आधी माझी पोर.

स्वातीला फोन करून सांगितलं, शुक्रवारपर्यंत दिव्यानी बोलेल. ती म्हणाली, तू प्यायला आहेस का?

गुरुवार, १४ डिसेंबर

सापडली. अगदी शेवटी, जिथे खाच संपते आणि सुई एकाच गोलात फिरत राहते, त्याच्या जरा आधी. चव्वेचाळीस सेकंद.

किती सुरेल आहे ती. मला माहीतच नव्हतं. पट्टी काळी चारच्या आसपास. दुसऱ्या ओळीआधी घेतलेला श्वास — आणि मागे गुणवंतरावांचा जाड सूर बरोबर तिच्या षड्जाला येऊन — मी चमकलो. मनात आलं होतं, तबकडीचा शेवट याने केला तर काय —

हे मी खोडणार नाही. असू दे इथे. कळू दे मला मी कसा आहे ते.

पुन्हा बसलो. पुन्हा तेच. तिच्या आवाजाला फोनच्या स्पीकरची धार आहे, ती जरा वरून कापली की —

नाही. नाही. पुन्हा.

गुरुवार, संध्याकाळ

गाणं संपलं की ती विचारते, बाबा, ऐकतोस ना? आणि लगेच माझा आवाज येतो. हं. मग सुई गोलात अडकते. ऐकतोस ना? हं. ऐकतोस ना? हं. मी ओरडून सांगतो, हो गं, ऐकतोय. माझ्या आधी तो तबकडीतला मी हं म्हणून मोकळा होतो.

शुक्रवार, १५ डिसेंबर

आज संमेलन. अकरा वाजता तिचा नंबर होता.

सुईने खाच झिजतेय. दर वेळी तिचा आवाज थोडा खरखरतो. खरखर कुठल्या पट्टीतली आहे ते मला लगेच कळतं. तेच कळतं —

चंदाबाईंनी ताट ठेवलं. खाल्लं नाही. त्यांनी तबकडीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. मी हात हलवला. नंतर, म्हटलं, नंतर.

स्वातीचा मेसेज. स्टेजवर नेलं होतं. ती माइकसमोर उभी राहिली, पूर्ण वेळ ओठ हलवले. लोक हसले —

शनिवार, १६

बत्तीस वेळा. खाचेत फार थोडं उरलंय. आणखी तीन-चारदा वाजेल, मग खरखरच —

चंदाबाई समोर येऊन बसल्या. मांडवात ऐकणारा बसतो तशा. कॅलेंडरचं पान पुढे केलं. त्यावर एवढंच, “पोरगी गान्यात काय म्हनते?”

सांगतो. हे तर सांगतो. बत्तीस वेळा ऐकलंय मी. पट्टी सांगतो, लय सांगतो, श्वास कुठे, कंप कुठे, दुसऱ्या ओळीत सूर किती उतरला —

शब्द. शब्द साधेच आहेत. पहिली ओळ —

बाबाला माहीत आहे, असं तिने लिहिलंय. लिहितो. दिव्यानी म्हणते की

दिव्यानी म्हणते —